मुकादमाचा उजवा खांदा

आमच्या वन्संनी उभ्या आयुष्यात कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हटलं नाही, आणि त्याचा सगळ्यात जास्त मनस्ताप मला झाला. लोक म्हणत, किती गोड बाई! गोड माणसाबरोबर एका घरात राहावं लागत नसलं की असं म्हणणं सोपं जातं. वन्सं म्हणजे आमच्या यांची थोरली बहीण. लग्न केलेलं नव्हतं, बालवाडीत शिकवत आणि नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत राहत. माझ्याहून चांगल्या मोठ्या, पण मला कधी ‘अगं’ म्हणाल्या नाहीत. पहिल्या दिवसापासून ‘वहिनी, तुम्ही’. मला वाटलं, सासरी आपल्याला मान आहे. पुढे कळलं की बाई दारावरच्या भंगारवाल्यालाही त्याच सुरात बोलतात आणि त्याने रद्दीचं वजन कमी भरलं तरी त्याला पाणी विचारतात.

‘कुणाला कशाला दुखवायचं?’ हे त्यांचं पालुपद. एका लग्नासाठी शिंप्याने त्यांचं ब्लाउज इतकं घट्ट शिवलं की हात वर होईना. मी म्हटलं, परत द्या. तर म्हणाल्या, “नको वहिनी, त्याने फार मनापासून शिवलंय.” त्या लग्नात त्या नुसत्या कोपरापासून हात हलवून अक्षता टाकत होत्या आणि त्या सगळ्या अक्षता पुढच्या बाईच्या अंबाड्यात पडत होत्या. मखमलाबादच्या मळेवाल्यांची ही मुलगी. वांगं हातात न घेता, लांबून बघून आत अळी आहे की नाही सांगायची. तरीही घरात किडकी वांगी यायची, कारण भाजीवालीने प्रेमाने निवडून दिलेली असायची. मी ती चिरायला घेतली की वन्सं आधीच मान वळवून खिडकीबाहेर बघायच्या.

माझ्या स्वयंपाकाचंही तेच. माझं माहेर पुण्याकडचं, आमच्याकडे आमटीत गूळ पडतो. सासर काळ्या मसाल्याचं, झणझणीत. लग्नानंतर पहिल्यांदा आमटी केली तेव्हा आमचे हे म्हणाले, “ही आमटी आहे की पुरणाचा कट?” मला राग आला, पण निदान कळलं तरी. वन्संना विचारलं, तर त्यांनी भुरका मारला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “छान.” मग रोज छान. पानात डावीकडे मिरचीचा ठेचा मात्र इतका घ्यायच्या की मला वाटे, बाईला ठेच्याची भारी आवड. माणसाला आपल्या हातच्या पदार्थाबद्दल कुणीतरी सरळ बोलावं असं वाटतं हो. ‘छान’ हा शब्द ऐकून ऐकून मला त्याचा वीट आला होता.

मुकादम घरात आला तोही ‘नाही’ न म्हटल्यामुळेच. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमच्या कॉलनीत सगळेजण उन्हाळ्यात वर्षाचा कांदा भरून ठेवत. पिंपळगावहून एक टेंपोवाला दारोदार गोण्या टाकत यायचा. एका वर्षी त्याने गोणी उतरवली तर मागून एक पिवळा बोका उतरला आणि ओट्यावर ओळीने लावलेल्या गोण्यांवरून सावकाश चालत गेला, माल नीट उतरला की नाही बघणाऱ्या मुकादमासारखा. तेच त्याचं नाव पडलं. टेंपोवाला म्हणाला, “ठेवून घ्या बाई. लय गुणी हाय. घरात उंदीर म्हनून ऱ्हानार नाय.” मी आतून ओरडले, “नको म्हणावं!” वन्सं ओट्यावर उभ्या होत्या. मला ऐकू आलं ते एवढंच, “हो, ठेवते की.”

त्या मुकादमाने हयातीत एक उंदीर धरला नाही. एकदा माळ्यावरून उंदीर पडला तेव्हा हे महाशय माझ्या आधी खुर्चीवर चढले होते. त्याला एकच काम यायचं, ते म्हणजे वन्संकडे बघणं. दुधावरची साय निघाली की तो समोर बसून बघायचा. साय गेली की भाकरीवरच्या तुपाकडे बघायचा. बालवाडीतून कुणाच्या वाढदिवसाचा पेढा आला तर पेढ्याकडे बघायचा. मी म्हणायचे, मांजराला पेढा देतात का कुणी? वन्सं म्हणायच्या, “त्याने बघितलं हो माझ्याकडे.”  मुकादम इतका फुगला की ओट्याच्या कठड्यातून डोकं बाहेर यायचं आणि बाकीचा मुकादम आतच राहायचा.

वन्सं निवृत्त झाल्या त्या सुमाराला मुकादम आजारी पडला. आधी पाणी प्यायला लागला. भांड्यातलं, बादलीतलं, मोरीतलं, दिसेल ते पाणी. खाणं दुप्पट आणि अंग मात्र उतरत चाललेलं. मागचे पाय टाचांवर टेकवत चालायचा, नवीन चपला घातल्यासारखा. त्याने कुंडीत लघवी केली की थोड्या वेळात तिथे मुंग्यांची रांग लागायची. मी म्हटलं, वन्सं, मुंग्या लागतात म्हणजे काहीतरी आहे. त्या म्हणाल्या, “लागू देत. मुंग्यांनाही काहीतरी मिळतंय.” शेवटी मीच त्याला पिशवीत घालून त्यांच्यासकट रिक्षात बसवलं आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

हे डॉक्टर दिंडोरीकडच्या गावांतून गाई-म्हशी बघत हिंडायचे आणि संध्याकाळी शहरात बसायचे. दणकट माणूस, आवाज शेताच्या बांधावरून बोलल्यासारखा. मुकादमाने पहिल्याच भेटीत त्यांच्या अंगठ्यात दात रुतवले. तपासणी झाल्यावर ते म्हणाले, “मांजराचा मधुमेह मी पुस्तकातच वाचला होता, बाई. पण हा तोच आहे. माणसाचं इन्सुलिनच देऊ. दोन वेळा, खाणं झाल्यावर.” मग त्यांनी आम्हाला शिकवलं. चिमटीत कातडी वर उचलायची, तंबूसारखी पोकळी होते तिच्यात सुई घालायची, पार दुसऱ्या बाजूने बाहेर काढायची नाही. आणि एक गोष्ट त्यांनी बोट उगारून सांगितली. “रोज जागा बदलायची. खांदा, कूस, मांडी, इकडची, तिकडची. एकाच जागी टोचत राहिलात तर कातडीखाली गाठ धरते आणि औषध तिथंच अडून बसतं. मग कितीही द्या, उपयोग नाही.” वन्संनी मान डोलावली. “हो डॉक्टर. हो हो.” त्या ‘हो हो’ मध्ये मला किडक्या वांग्याचा वास आला होता, हे मी आजही सांगेन.

सुरुवातीला बदलली हं जागा. सकाळी मी जुन्या गोधडीत मुकादमाला गुंडाळून धरायची आणि वन्सं सुई घेऊन यायच्या. सुई टोचायच्या आधीच ‘झालं हं, झालं हं’ म्हणायच्या, बालवाडीत पोरांना लस देताना म्हणायच्या तसं. लोडशेडिंगचे दिवस होते. दुपारभर फ्रिज बंद, म्हणून औषधाची बाटली डब्यात घालून माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवायची, हे काम माझं. हेही कमी पडलं म्हणून की काय, एके दिवशी डाव्या कुशीत सुई गेली तेव्हा मुकादम गुरगुरला आणि मान वळवून त्याने वन्संकडे बघितलं. झालं. बाईचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवसापासून सुई उजव्या खांद्यामागे, एकाच ठिकाणी. तिथे तो हलत नसे.

मी रोज ओरडायची. “वन्सं, जागा बदला.” त्या म्हणायच्या, “आज राहू द्या. उद्यापासून.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. “तिथे त्याला दुखत नाही, वहिनी.” थोड्या दिवसांनी माझ्या हाताला तिथे चिंचोक्याएवढं काहीतरी लागलं. मग ते सुपारीएवढं झालं. वरचे केस गेले, कातडी चामड्यासारखी जाड झाली. कधीकधी औषध आत न जाता बाहेरच यायचं, केस ओले व्हायचे आणि मुकादमाच्या खांद्याला दवाखान्याचा वास यायचा. वन्सं त्या गाठीला खोबरेल तेल चोळायच्या. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, “डॉक्टरांना सांगितलंत का हे?” “सांगितलं.” “काय म्हणाले?” “काळजी करू नका म्हणाले.” डॉक्टरच असं म्हणाले म्हटल्यावर मी काय बोलणार? मला शाळेच्या ऑफिसात नोकरी. डॉक्टरांकडे वन्सं एकट्याच जायच्या, तेही मुकादमाला न घेता, बाटलीत नुसती त्याची लघवी घेऊन. अंगठ्याच्या आठवणीने डॉक्टरांनाही तेच बरं वाटत असावं. दर वेळी त्या परत यायच्या आणि म्हणायच्या, साखर उतरत नाही, डोस वाढवलाय.

असा तो डोस वाढत गेला. मुकादम वाळत गेला. त्याच्या पाठीचा कणा हाताला लागायला लागला आणि वन्संचं जेवण कमी झालं. मी एकीकडे चिडायची आणि दुसरीकडे मला त्यांची कीव यायची. हे दोन्ही एकाच वेळी वाटणं फार दमवणारं असतं. यांना सांगितलं तर हे म्हणाले, “तुम्हा दोघींच्या भांडणात मी पडत नाही.” भांडण कसलं? भांडायला समोरच्याने काही बोलावं लागतं. वन्सं नुसत्या ‘हो वहिनी’ म्हणायच्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मला पडत होता, आणि तोही इतक्या गोड माणसाकडून की तक्रार केली तर लोक मलाच नावं ठेवणार.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, मला सुट्टी होती. नाशिकची थंडी, ओट्यावर ऊन नुकतं आलेलं. मी गूळपोळ्यांसाठी गूळ किसत होते. मुकादमाने रात्रीतून ती गाठ खाजवून खाजवून रक्त काढलं होतं. तिथे सुई टोचणं शक्यच नव्हतं. म्हणून सकाळी वन्संनी, डोळे जवळजवळ मिटूनच, डाव्या मांडीत टोचलं. डोस तोच, वाढत वाढत गेलेला. मला उलट बरं वाटलं. मनात म्हटलं, चला, खाजवल्यामुळे का होईना, जागा बदलली.

थोड्या वेळाने वन्संची हाक आली. “वहिनी, हा उठत नाही.” मी बाहेर गेले. मुकादम ओट्यावर आडवा पडला होता. डोळे उघडे, पण बघत नव्हते. मान एका बाजूला कलंडलेली, पाय थरथरत होते. वन्संनी त्याच्यापुढे साय धरली, त्याने बघितलं नाही. तेव्हा मलाही भीती वाटली. या प्राण्याचा मी दहा वर्षं उद्धार केला होता, पण तो सायीकडे बघत नाही हे मला बघवेना.

मी डॉक्टरांना फोन लावला आणि वन्संच्या हातात दिला, कारण डोस त्यांनाच माहीत. डॉक्टरांचा आवाज एवढा की फोन त्यांच्या कानाला आणि बोलणं मला ऐकू. वन्संनी सांगितलं, पडलाय, थरथरतोय. डॉक्टर म्हणाले, “परवापर्यंत लघवीत साखरच साखर होती. एवढा डोस देऊन उतरत नाही. साखर चढूनच पडला असणार. मी दिंडोरीतून निघतो. तोवर त्याला गोड काही देऊ नका, थेंबभरसुद्धा नाही. जागा बदलताय ना रोज?”

वन्संनी मुकादमाच्या खांद्यावरच्या गाठीकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. माझ्या ध्यानात आलं की या बाईने डॉक्टरांना गाठीचं चकार शब्दाने सांगितलेलं नाही. त्यांना वाईट वाटू नये म्हणून त्यांना खोटं सांगितलं, आणि मला वाईट वाटू नये म्हणून मलाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी फोन घ्यायला हात पुढे केला. वन्संनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“बाई, ऐकताय ना? रोज बदलता ना जागा?”

“नाही,” वन्सं म्हणाल्या.

मी हात मागे घेतला. मी त्या घरात आल्यापासून त्यांनी कुणाला असं तोंडावर ‘नाही’ म्हटलेलं ऐकलं नव्हतं. आवाजसुद्धा त्यांचा वाटला नाही.

“नाही डॉक्टर. नाही बदलली. रोज त्याच गाठीत टोचत होते. तुम्ही विचारायचात तेव्हा मी खोटं बोलत होते. आज पहिल्यांदा मांडीत दिलं. सगळा डोस.”

यावर डॉक्टरांचा जो आवाज आला तो शेजारच्यांनीही ऐकला असणार. “अहो बाई, मग ते सगळं औषध आज लागू पडलं! साखर चढली नाही त्याची, पार उतरलीय! घरात गूळ, मध, काय असेल ते आत्ताच्या आत्ता हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका, चोळा. जगायचा असेल तर त्याच्यावर जगेल.”

गूळ माझ्या परातीत किसलेलाच होता. चमचाभर कोमट पाण्यात कालवला. वन्संनी त्याचं तोंड धरलं आणि मी बोटाने हिरड्यांवर चोळत राहिले. वरची हिरडी, खालची हिरडी, गालाच्या आत. वन्सं त्याच्याशी काहीतरी बोलत होत्या, पण ‘झालं हं’ म्हणत नव्हत्या. किती वेळ गेला देव जाणे. आधी जीभ हलली. मग कान. मग त्याने माझं बोट चाटलं, आणि मग त्याच बोटाला कडकडून चावला. मी आयुष्यात कुठल्या चाव्याने इतकी खूश झाले नाही. वन्सं तिथेच ओट्यावर बसल्या आणि पदराने तोंड झाकून रडल्या.

डॉक्टर स्कूटरवरून आले, गाठीवर हात ठेवला आणि वन्संना असे बोलले की मीच मधे पडणार होते. “तुमच्या गोड बोलण्याने मेला असता हा. मी इकडे रात्री पुस्तकं चाळतोय की माझं औषध का चालत नाही, आणि तुम्ही मला हो हो म्हणताय. अहो, मी चिडलो असतो, दोन शब्द बोललो असतो, संपलं असतं.” वन्सं उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “तुम्ही इतकं नीट शिकवलं होतं, डॉक्टर. मी ऐकलं नाही म्हटल्यावर तुम्हाला वाईट वाटलं असतं.” डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “मी ह्यांच्याबरोबर एका घरात राहते.” ते हसले नाहीत, पण चहा प्यायला थांबले. डोस त्यांनी पुन्हा अगदी पहिल्याइतका खाली आणला आणि त्या गाठीकडे पुन्हा ढुंकूनही बघायचं नाही असं बजावून गेले.

आता जागा लक्षात कशी ठेवायची, यावर वन्संनी बालवाडीचा तोडगा काढला. त्यांनी गाणं रचलं. ‘सोमवारी डावा खांदा, मंगळवारी डावी कूस, बुधवारी डावी मांडी, मुकादमा, नको रुसूस.’ गुरुवारपासून उजवी बाजू, खांद्याची ती गाठ सोडून. रोज सकाळ-संध्याकाळ ते गाणं टाळ्यांच्या ठेक्यावर चालायचं, आणि मी, एका शाळेची हेडक्लार्क, गोधडीत बोका धरून ते ऐकायची. मुकादम गुरगुरायचा आणि मान वळवून वन्संकडे बघायचा. त्या त्याच्या नजरेला नजर देऊन म्हणायच्या, “बघ. बघितलंस तरी टोचणार आहे.” आणि टोचायच्या.  हळूहळू मुकादमाचं पाणी कमी झालं, कुंडीतल्या मुंग्या दुसरीकडे गेल्या, पाठीचा कणा पुन्हा मांसाखाली गेला. गाठही ओसरत ओसरत वाटाण्याएवढी राहिली.

मला वाटलं, सुटलो. पण वन्संनी एक नवीनच खूळ डोक्यात घेतलं होतं. एके दिवशी जेवताना म्हणाल्या, “वहिनी, तुमच्या आमटीत गूळ फार होतो.” मी म्हटलं, “आज?” “नाही, पहिल्यापासून.”

वीस वर्षांहून जास्त काळ ही बाई ती आमटी ‘छान’ म्हणून खात होती. माझ्या हातातली पळी तशीच राहिली. म्हटलं, “मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?” म्हणाल्या, “तुम्हाला दुखवायचं कशाला म्हणून.” “आणि आता?” तर शांतपणे ठेचा कालवत म्हणतात कशा, “आता तुम्ही घरच्या.”

म्हणजे वीस वर्षं मी कोण होते? मी दोन दिवस धुमसत होते. तिसऱ्या दिवशी आमटीत गूळ घातला नाही, तर यांनी विचारलं, आज बरं नाही का? त्यांना एव्हाना गोड आमटीची सवय झालेली. आता बोला.

हे खरं बोलणं त्यांनी एकट्या माझ्यासाठी राखून ठेवलं होतं, हा आणखी एक छळ. शिंपी अजूनही घट्ट शिवत होता आणि त्याला ‘छान’ मिळत होतं. मला मात्र रोज एक नवीन खरं ऐकावं लागे. माझी निळी साडी मला म्हातारं करते. मी फोनवर ओरडते. माझ्या माहेरची माणसं आली की फार दिवस राहतात. मी पण कमी नाही, मीही सुनावायची. आयुष्यात पहिल्यांदा आमची खरी भांडणं झाली, दार आपटण्यापर्यंत. एकदा मी रागाच्या भरात विचारलं, “तुमचं लग्न का नाही झालं, तेही सांगा मग.” त्या हसल्या. म्हणाल्या, “मला करायचंच नव्हतं. स्थळं यायची, मी हो म्हणायची, आणि मग त्यांच्यासमोर मुद्दाम वेंधळ्यासारखी वागायची. नाही त्यांनी म्हणावं. आपण कशाला?”  या बाईला मी भोळी समजत होते.

मुकादम पुढे चांगला जगला आणि म्हातारपणाने गेला, ओट्यावरच्या उन्हात, झोपेतच. शनिवार होता. संध्याकाळी वन्संनी सवयीने गोधडी आणली आणि मग घडी घालून परत ठेवली. आम्ही त्याला मागच्या झेंडूच्या वाफ्यात पुरलं. टेंपोवाला पुढच्या उन्हाळ्यात कांदे घेऊन आला तेव्हा त्याने विचारलं, “बोका कुठं हाय आपला? उंदीर पकडतो ना चांगले?” वन्सं म्हणाल्या, “फार चांगले पकडायचा.” मी आत गेले. तेवढं मलाही खोडून काढवलं नाही.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत, आणि वन्संचंच पोट दुखायला लागलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही हे वेगळं सांगायला नको. कळलं तेव्हा उशीर झाला होता. हॉस्पिटलात डॉक्टर राउंडला यायचे, विचारायचे, आजी, कसं वाटतंय? “छान.” दुखतंय का? “काही नाही.” सिस्टर म्हणायच्या, फार शांत आजी आहेत, काही तक्रार नाही. दुखणं थांबवायचं इंजेक्शन लिहून ठेवलेलं होतं, ‘गरज लागल्यास’ असं. गरज काही लागत नव्हती. त्यांच्या मुठीत चादरीचा चुरगळलेला बोळा मात्र मला दिसत होता.

मी विचारलं, “वन्सं, दुखतंय?” त्यांनी दाराकडे बघितलं. सिस्टर दुसऱ्या खाटेपाशी होती. ती बाहेर जाईपर्यंत त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “हो वहिनी. फार दुखतंय.”

मी तशीच उठले आणि बाहेर जाऊन असा काही आवाज चढवला की अख्खा मजला गोळा झाला. म्हटलं, या बाईला विचारायचं नाही, मला विचारायचं. ती छान म्हणाली की समजायचं, दुखतंय. त्या दिवसापासून सगळे मला विचारायला लागले. मी आत जाऊन वन्संना विचारायची आणि बाहेर येऊन खरं सांगायची. सुई टोचायला नवीन सिस्टर यायची, तिला त्यांच्या हातावर जागा सापडेना, बिचारी पुन्हा पुन्हा टोचून बघायची. वन्सं तिच्या हातावर थोपटून म्हणायच्या, “झालं हं, झालं हं.”

शेवटच्या आठवड्यातली एक दुपार. खिडकीतून ऊन त्यांच्या पायावर आलं होतं. हे खाली औषधं आणायला गेले होते. वन्संनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं, मुकादम बघायचा तसं, सरळ. म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही खरं सांगता म्हणून विचारते. मी घरी येणार नाही ना आता?”

माझी जीभ सगळ्या कॉलनीत प्रसिद्ध. तोंडावर सांगायला मी कधी कुणाला भ्यायले नाही. त्या दिवशी मला डॉक्टरांनी काय सांगितलंय ते सगळं माहीत होतं, आणि हेही माहीत होतं की ही बाई जगात एका माझ्याशीच खरं बोलत आली आहे आणि माझ्याकडूनही तेच मागते आहे. मी त्यांची चादर नीट केली. उगाचच उशी सरळ केली. आणि म्हटलं, “असं काय बोलता वन्सं? संक्रांतीला घरी असाल तुम्ही. मी बिनगुळाची आमटी करणार आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, “छान.”

माझी आमटी खाऊन म्हणायच्या, अगदी तसंच.